‘बी’ विंगमधील मोबाइल नेटवर्क आणि बूस्टर खरेदीचा प्रस्ताव: सोसायटी अध्यक्षांना पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष,
व्यवस्थापकीय समिती,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई.

विषय: ‘बी’ विंगमध्ये मोबाइलचे नेटवर्क न मिळणे आणि त्यासाठी सुचवलेली बूस्टर खरेदी.

महोदय,

स. न. वि. वि.

समितीच्या येत्या सभेच्या विषयपत्रिकेत ‘बी विंगकरिता मोबाइल सिग्नल बूस्टर (बाहेरचा सिग्नल पकडून तो वाढवून आत देणारे यंत्र) खरेदी करणे’ हा विषय असल्याचे सूचना फलकावर वाचले. ज्या तक्रारींमुळे हा विषय सभेपुढे आला त्यांत माझीही एक तक्रार आहे आणि समितीने तिची दखल घेतली याबद्दल मी आभारी आहे. तरीही बूस्टर घेऊ नये, अशीच माझी विनंती आहे. तो बेकायदेशीर आहे आणि त्याने आपला प्रश्न सुटणारही नाही. त्याऐवजी काय करता येईल, हे सभेपूर्वी आपल्यापर्यंत पोहोचावे म्हणून हे सविस्तर पत्र लिहिते आहे.

गणपतीनंतर मी नवा फाइव्ह-जी फोन घेतला आणि घरात बोलणे मध्येच तुटणे, बँकेचा ओटीपी मुदत संपल्यावर येणे, प्रवेशद्वारावरून रखवालदाराने केलेला फोन न लागणे असे प्रकार सुरू झाले. फोन कंपनीच्या सेवा केंद्राने सेट निर्दोष असून तुमच्या भागातच नेटवर्क नसल्याचे सांगितले, तर मोबाइल सेवा देणाऱ्या कंपनीने भागात नेटवर्क पूर्ण असून सेट तपासून घ्या, असे उत्तर दिले. या टोलवाटोलवीत ग्राहकाने नेमके काय करायचे, ते दोघांपैकी कोणीच सांगत नाही. म्हणून दोष सेटचा की जागेचा, हे स्वतःच ठरवावे असे मी मनाशी धरले.

नेहमीचे उपाय आधी करून झाले. फोनचे लोहचुंबक असलेले कव्हर काढले, सिम काढून पुन्हा बसवले, सॉफ्टवेअर अद्ययावत केले, नेटवर्क निवड ‘ऑटोमॅटिक’ आहे आणि ‘व्होल्टी’ (फोर-जीवरूनच बोलण्याची सोय) चालू आहे याची खात्री केली. नेटवर्क सेटिंग रीसेटही करून पाहिले. (त्याने घरच्या वायफायचा पासवर्ड पुसला जातो, हे करणाऱ्याने आधी लक्षात घ्यावे.) यांतील कशानेही फरक पडला नाही. मग तेच सिम जुन्या फोनमध्ये आणि शेजाऱ्यांचे दुसऱ्या कंपनीचे सिम माझ्या नव्या फोनमध्ये घालून पाहिले. माझे सिम त्याच खोलीत जुन्या फोनमध्येही तसेच अडखळले. शेजाऱ्यांचे सिम मात्र नव्या फोनमध्ये बऱ्यापैकी चालले आणि पार्ले स्टेशनच्या फलाटावर माझ्याच सिमसह हा फोन विनातक्रार चालला. सेट निर्दोष आहे, हे एवढ्यावरून स्पष्ट झाले.

फोनवरच्या दांड्यांवर विसंबून राहू नये, असे मला येथे सुचवावेसे वाटते. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या याचा सर्व कंपन्यांना लागू असा नियम नसल्याने एका फोनवरच्या तीन आणि दुसऱ्यावरच्या तीन यांची तुलना होत नाही. खरा आकडा अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमधील ‘अबाउट फोन’ या भागात, सिमच्या स्थितीखाली बहुधा मिळतो. तो डीबीएम या सिग्नलची शक्ती मोजण्याच्या एककात आणि उणे चिन्हासह असतो, म्हणून शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. फोर-जीसाठी उणे ९० च्या आसपास किंवा त्याहून वरचा आकडा चांगला, उणे ११० च्या खाली गेला की अडचणी सुरू आणि उणे १२० जवळ आला की फोन तुटलाच म्हणून समजावे. हे मोजमाप असे आहे की आकडा दहाने खाली गेला तर सिग्नलची शक्ती एकदशांश उरते.

आपल्या फाटकाबाहेर पदपथावर माझ्या फोनवर उणे ८४ हा आकडा येतो, दिवाणखान्यात उणे १०१ आणि मागच्या शयनगृहात उणे ११७. पदपथ आणि शयनगृह यांत ३३ चा फरक आहे, म्हणजे रस्त्यावर जी शक्ती मिळते तिचा सुमारे दोन हजारावा भाग आत पोहोचतो. याच खोलीत खिडकीची सरकती काच पूर्ण बाजूला केली की आकडा उणे १०४ वर येतो आणि काच लावली की काही सेकंदांत पुन्हा खाली जातो. ‘बी’ विंगमधील अनेकांनी, आमच्यासकट, उन्हासाठी आरशासारख्या निळसर काचा बसवून घेतल्या. त्या काचांवर धातूचा अतिशय पातळ थर असतो. तो ऊन परतवतो, तशाच रेडिओ लहरीही परतवतो. साधी काच आणि विटांची भिंत यांच्यापेक्षा अशी काच अधिक अडथळा करते, हे आपल्या हाताने सरकवून पाहिल्यावर वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

पण काचा काही गेल्या महिन्यात बसवलेल्या नाहीत. मग त्रास आताच का वाढला, याचे कारण माझ्या मते आपल्या मागच्या गल्लीत आहे. तेथील जी जुनी चार मजली इमारत पुनर्विकासासाठी पाडली, तिच्या गच्चीवर मोबाइल कंपनीच्या अँटेना होत्या. आमच्या मागच्या खिडकीतून त्या सरळ दिसत असत. इमारतीबरोबर त्याही गेल्या. पार्ल्यात इमारती एकामागून एक पाडल्या जात आहेत. गच्चीवरच्या अँटेना गेल्या की त्या गल्लीचे नेटवर्क कोण सांभाळणार, हा प्रश्न रहिवाशांनाही पडत नाही, कारण अँटेना कुठे होती याकडे कोणाचे लक्षच नसते. पुढच्या बाजूची ‘ए’ विंग रस्त्यापलीकडच्या अँटेनांवर चालते, म्हणून तिच्या तक्रारी कमी आहेत. माझी नवी खरेदी आणि ही पाडापाडी एकाच सुमारास झाली, त्यामुळे आळ फोनवर आला. नेमके कारण मोबाइल कंपनीच सांगू शकेल, परंतु विचारताना आपण ही गोष्ट ठामपणे मांडली पाहिजे.

नव्या फोनबाबत आणखी एक खुलासा करते, कारण ‘फाइव्ह-जी घेतला आणि नेटवर्क गेले’ असे विंगमध्ये अनेकांच्या तोंडून ऐकले. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली फाइव्ह-जी सेवा मुख्यतः ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या पट्ट्यात चालते, तर फोर-जीला ८५०, ९०० किंवा १८०० मेगाहर्ट्झ असे खालचे पट्टेही उपलब्ध आहेत. वारंवारता जितकी वरची, तितक्या लहरी भिंतीतून कमी आत येतात. त्यामुळे आतल्या खोलीत नवा फोन फाइव्ह-जी धरू पाहतो, सोडतो, फोर-जीवर येतो आणि पुन्हा तेच करतो. सेटिंगमध्ये ‘प्रिफर्ड नेटवर्क’ तात्पुरते फोर-जीवर ठेवल्यास ही ओढाताण थांबते आणि बॅटरीही कमी संपते. मूळ सिग्नल मात्र त्याने वाढत नाही.

आता बूस्टरविषयी. दुकानात आणि ऑनलाइन ही यंत्रे उघड विकली जातात, त्यामुळे ती वैध असावीत असा समज होतो. प्रत्यक्षात परवानाधारक मोबाइल कंपनीखेरीज अन्य कोणी सिग्नल बूस्टर किंवा रिपीटर बाळगणे, विकणे आणि वापरणे बेकायदेशीर असल्याचे दूरसंचार विभागाने वारंवार जाहीर केले आहे. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून परवान्याची ही अट चालत आलेली आहे. या विभागाची पथके अशी यंत्रे शोधून उतरवतात. उद्या नोटीस आली तर ती संस्थेच्या, म्हणजे आपल्या आणि सचिवांच्या नावे येईल.

कायद्याचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी यंत्राची अडचण उरतेच. मोबाइलवरचे बोलणे दोन्ही बाजूंनी जाते. मोबाइल कंपनीच्या अँटेनाकडून येणाऱ्या लहरींमागे कितीतरी वॅटची ताकद असते, पण आपला फोन साधारणपणे फार तर एक पंचमांश वॅटने उत्तर देतो. म्हणूनच समोरच्याचे आपल्याला स्पष्ट ऐकू येते आणि आपले त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, असे घडते. स्वस्त बूस्टर फोनच्या क्षीण सिग्नलबरोबर सगळा गोंगाटही (नको असलेल्या लहरीही) वाढवून कंपनीच्या अँटेनाकडे पाठवतो. बूस्टरची गच्चीवरची आणि आतली अँटेना एकमेकींपासून पुरेशा दूर नसतील, तर यंत्र स्वतःचाच सिग्नल पुन्हा पुन्हा वाढवत बसते. त्या गोंगाटात कंपनीच्या अँटेनाला आजूबाजूच्या इमारतींतले दूरचे फोन ऐकू येईनासे होतात. म्हणजे ‘बी’ विंगच्या सोयीसाठी ‘ए’ विंगचे आणि शेजारच्या सोसायटीचे नेटवर्क बिघडायचे. तिसऱ्या मजल्यावरील एका सदनिकेत असे यंत्र आधीच लावले असल्याची चर्चा आहे. नाव घेण्याची माझी इच्छा नाही, परंतु समितीने सर्व सभासदांना एक सर्वसाधारण सूचना काढली तर प्रश्न सामोपचाराने मिटेल.

मागील वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘आपल्याच गच्चीवर टॉवर घ्या’ असेही सुचवले गेले आणि किरणोत्सर्गाच्या भीतीने ते फेटाळले गेले. ती भीती हसण्यावारी नेऊ नये, पण माहिती पूर्ण असावी. १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात अँटेनाच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांश आहे आणि दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या पोर्टलवर आपल्या परिसरातील अँटेनांची माहिती पाहता येते. उलट सिग्नल कमकुवत असला की कानाशी धरलेला आपला फोनच पूर्ण ताकदीने प्रसारण करतो, याचा विचार सहसा होत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. गच्चीवरच्या अँटेना लांबच्या परिसराकडे तोंड करून लावलेल्या असतात, त्यामुळे त्याच इमारतीच्या खालच्या मजल्यांवर दिव्याखाली अंधार असू शकतो. भाडे मिळेल, पण आतल्या शयनगृहात फोन लागेलच असे नाही.

आपल्याला हवी आहे ती इमारतीच्या आत, जिन्यात आणि मार्गिकेत कमी शक्तीच्या छोट्या अँटेना बसवण्याची व्यवस्था. मोबाइल कंपन्या ती स्वतः किंवा अधिकृत कंत्राटदारामार्फत करतात आणि ती कायदेशीर आहे. एकट्या सभासदाच्या विनंतीवर कोणी येणार नाही, सोसायटीच्या लेटरहेडवर आणि मोजणीच्या आकड्यांसह पत्र गेले तर दखल घेतली जाण्याची शक्यता बरीच अधिक आहे. त्यासाठी ‘बी’ विंगमधील प्रत्येक सदनिकेतून कंपनीचे नाव, खोली आणि डीबीएमचा आकडा एवढेच एका तक्त्यात भरून घ्यावे. त्याबरोबरच प्रत्येक त्रस्त सभासदाने आपल्या कंपनीच्या १९८ क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. उत्तर समाधानकारक नसेल तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते, पण त्या अपिलाला तक्रार क्रमांकाचा आधार लागतो. ‘फोन केला होता’ एवढे पुरत नाही.

तोपर्यंत ज्यांच्या घरी ब्रॉडबँड आहे त्यांनी फोनमधील ‘वायफाय कॉलिंग’ (मोबाइल नेटवर्कऐवजी घरच्या वायफायवरून बोलण्याची सोय) सुरू करावे. त्याला वेगळे शुल्क नाही आणि माझ्या घरी त्याने बोलण्याचा प्रश्न बराचसा मिटला आहे. मात्र वीज गेली की राउटर बंद आणि राउटर बंद की फोनही बंद, म्हणून ज्येष्ठ सभासदांच्या घरी राउटरला छोटा बॅटरी बॅकअप असावा. लिफ्टमध्ये तर चांगल्या नेटवर्कलाही पोलादी पेटी अडवते. तेथील इंटरकॉम बंद पडला आहे, तो दुरुस्त करण्याचा खर्च बूस्टरच्या तुलनेत किरकोळ असेल आणि गरज त्याहून मोठी आहे.

आपल्या संस्थेच्या पुनर्विकासाची प्राथमिक बोलणी सुरू असल्याने एक मुद्दा येथेच नोंदवते. इमारतींना डिजिटल जोडणीच्या दर्जानुसार तारांकन देण्याचे नियम ‘ट्राय’ने (दूरसंचार नियामक प्राधिकरणाने) २०२४ मध्ये आणले आहेत. विकासकाकडून येणाऱ्या प्रस्तावांत क्लबहाउस आणि पोडियमची वर्णने पानोपानी असतात, आतील अँटेना आणि केबलसाठी नळीमार्ग व जागा ठेवणार का, याबद्दल मात्र एक ओळ नसते. सल्लागारांच्या मसुद्यात ती अट आताच घालून घ्यावी. बांधकाम झाल्यावर भिंती फोडत बसणे कोणालाच परवडणार नाही.

तरी सभेत बूस्टर खरेदीचा प्रस्ताव मागे घेऊन त्याऐवजी मोजणी आणि कंपन्यांशी एकत्रित पत्रव्यवहार यांना मंजुरी द्यावी, ही विनंती. कोऱ्या तक्त्याचा नमुना आणि माझ्या सदनिकेचे आकडे मी कार्यालयात व्यवस्थापकांकडे देत आहे. ज्या सभासदांना फोनमधील आकडा शोधणे जमणार नाही, त्यांच्या घरी रविवारी सकाळी जाऊन तो नोंदवून देण्याची माझी तयारी आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
सभासद, ‘बी’ विंग, पाचवा मजला

प्रत: मा. सचिव आणि मा. खजिनदार