तमिळ निर्वासितांना का वगळले?

नागरिकत्व सुधारणा कायद्याचे नियम 11 मार्च 2024 रोजी लागू झाले, तेव्हा समर्थक आणि विरोधक दोघेही हिरिरीने बोलले. त्या गदारोळात श्रीलंकेतून आलेल्या तमिळांकडे आपल्याकडे तरी फारसे कुणी पाहिले नाही. नागरिकत्वाची वाट सोपी करणारा हा कायदा पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या बिगर-मुस्लिम निर्वासितांपुरताच आहे. श्रीलंकेतल्या 1983च्या तमिळविरोधी दंगलींनंतर जीव वाचवून तमिळनाडूच्या छावण्यांत आलेल्यांना त्यात जागा नाही. सप्टेंबर 2021 मध्ये तमिळनाडू विधानसभेने या कायद्याविरुद्ध ठराव केला, त्यातही हा आक्षेप होता.

जन्माचा नियम तर फारच जाचक. 30 जून 1987 पर्यंत भारतात जन्मलेले मूल जन्माने भारतीय. त्यानंतर आई-वडिलांपैकी एक तरी भारतीय हवा. म्हणजे एकाच छावणीतल्या, एकाच आईच्या दोन मुलांपैकी थोरला नागरिक आणि धाकटा परका! त्या धाकट्याची शाळा इथली, भाषा इथली, कष्ट इथले. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी उल्हासनगर उभे केले. फाळणीच्या निर्वासितांसाठी घटनेतच नागरिकत्वाची तरतूद होती; मग या तमिळांसाठी का नाही? केंद्राने निदान छावणीत जन्मलेल्यांसाठी तरी अर्जाची वाट तातडीने खुली करावी.

- एक वाचक, कल्याण