फाइंडरच्या बॅटरीबद्दल, नित्याला

बोरिवली, मुंबई
शनिवार, रात्री

प्रिय नित्या,

परवा फोनवर तू कयाकवरच्या फाइंडरबद्दल, म्हणजे पाण्याची खोली आणि मासे दाखवणाऱ्या यंत्राबद्दल, म्हणालास, "किती एएचची, म्हणजे किती अँपिअर-तासांची, बॅटरी घेऊ, एक आकडा सांगून टाक." मी तोंड उघडेपर्यंत गाडी आली, गर्दीत आवाज तुटला आणि बोलणं तिथंच राहिलं. बरंच झालं म्हणायचं. एका आकड्यात सांगितलं असतं तर तू उद्याच्या उद्या जाऊन वीस एएचची घेऊन आला असतास. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. म्हणून हे सविस्तर लिहितोय. निवांत वाच, तोवर खरेदीला जाऊ नकोस.

आधी तुला न सांगितलेली एक गोष्ट सांगतो. आईच्या कानावर जायला नको म्हणून मी ती कुणाकडेच काढली नव्हती.

गेल्या कार्तिकी पौर्णिमेला मी मार्वेहून मनोरीच्या खाडीत कयाक, म्हणजे आपली वल्ह्याची छोटी होडी, घेऊन एकटाच शिरलो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा नाखवांनी शिकवलेला हिशोब तुला माहीत आहे. पौर्णिमेला, म्हणजे पंधराव्या तिथीला, सव्वाअकरा, प्रत्यक्षात बारापर्यंत पाणी चढत राहतं. सकाळी नऊला फाइंडर लावला होता. कांदळवनाच्या कडेला जिताडा मिळेल या आशेने आत आत जात राहिलो. दुपारी ऊन स्क्रीनवर यायला लागलं तसा ब्राइटनेस पूर्ण वाढवला. ओहोटी लागून अडीच तास झाले होते, आणि उधाणाची ओहोटी किती जोरात पाणी ओढते ते तू पाहिलं आहेस. स्क्रीनवर पाण्याची खोली २.१ मीटर, मग १.८, मग १.६. मी खोल पाण्याची नाळ धरून बाहेर येत होतो, त्या आकड्यांच्या भरवशावर. आणि पावणेतीनला स्क्रीन काळी.

बटण दाबलं, पुन्हा सुरू झाला. अर्धा मिनिट चालून बंद. दोन मिनिटं थांबलो की बॅटरी थोडा दम खायची, परत स्क्रीन लागायची, आकडा उमटायच्या आत परत मरायची. असं पाच-सहा वेळा केलं आणि त्या नादात कयाक प्रवाहाबरोबर नाळ सोडून गाळावर चढली. वल्हं टेकवून ढकलायला गेलो तर पातं हातभर आत रुतलं. सव्वातीन वाजले होते. साडेआठ वाजता परत पाणी आलं तेव्हा सुटलो. मधले पाच तास समोर निवट्या उड्या मारताहेत, डास फोडून खाताहेत आणि उतरावं म्हटलं तर कमरेपर्यंत चिखल. मनोरीचे एक नाखवा होडी घेऊन परतत होते, त्यांनी टॉर्च मारून विचारलं, "जिता हाय नं रं पोरा?" त्यांच्यामागून बाहेर आलो.

आपण फाइंडरला मासे शोधायचं यंत्र म्हणतो. आपल्या खाड्यांत तो त्याहून जास्त पाण्याखालचा रस्ता दाखवतो. परतीच्या वेळी, ओहोटीला, ऊन डोळ्यांवर असताना तो चालू राहिला पाहिजे. बॅटरी त्या तासासाठी घ्यायची, हे माझं सांगणं.

ती मेलेली बॅटरी म्हणजे घरच्या यूपीएसमधून काढलेली १२ व्होल्ट ७ एएचची लीड-ॲसिड. निघण्याआधी मल्टिमीटर लावून पाहिलं होतं, १२.६ व्होल्ट दाखवत होता. मी समजलो, भरलेली आहे. नुसत्या बसलेल्या बॅटरीचा व्होल्ट पाहून काही कळत नाही, ओझं टाकल्यावर ती किती टिकते ते पाहावं लागतं. हे मी नंतर घरी बसून शिकलो, आणि ती रीत तूही कर.

मोटारसायकलच्या इंडिकेटरचा बल्ब १२ व्होल्ट १० वॅटचा असतो. कुठल्याही स्पेअर पार्टवाल्याकडे मिळतो. तो साधारण पाऊण अँपिअरच्या थोडा वर ओढतो, म्हणजे पूर्ण ब्राइटनेसवरच्या पाच इंची फाइंडरएवढाच. होल्डरमध्ये बसवून दोन वायरी बॅटरीला जोडल्या आणि घड्याळ लावून गॅलरीत बसलो. जुन्या यूपीएसवाल्या बॅटरीवर बल्ब पहिला तास लख्ख होता, दुसऱ्या तासाला पिवळा पडला, मग नारिंगी, आणि चार तासांनी मीटर १०.५ वर आला. आपल्या फाइंडरला साधारण दहाच्या खाली गेलं की चालवत नाही. बल्ब काढल्यावर तोच मीटर हळूहळू ११.८ वर चढला. खाडीत स्क्रीन परत परत का लागत होती याचं कोडं तिथं सुटलं.

नवी बॅटरी असती तरी लीड-ॲसिडचं गणित तोकडंच पडतं. त्यावर छापलेले ७ एएच हे वीस तासांत सावकाश, म्हणजे ०.३५ अँपिअरने काढले तर. जास्त वेगाने काढले की त्याहून कमी मिळतात. शिवाय निम्म्याखाली वारंवार उतरवली की ती लवकर म्हातारी होते, आणि रिकामी ठेवून दिली तर प्लेटांवर सल्फेट बसतं ते पुरतं निघत नाही. म्हणजे हातात धरायचे साडेतीन एएच, आणि त्यासाठी दोन किलोच्या वर शिसं वाहायचं. स्वस्त आहे, कुठेही मिळते, हे खरं. १८५९ साली फ्रेंच शास्त्रज्ञ प्लाँतेने बनवली तेव्हापासून मूळ रचना तीच आहे आणि गाड्यांत ती उत्तम काम करते. आपल्या कामाची नाही.

तू घे ती लिथियम आयर्न फॉस्फेट. दुकानात एलएफपी किंवा लाइफपो-फोर म्हणतात. ३.२ व्होल्टचे चार सेल एकापुढे एक, म्हणजे १२.८ व्होल्ट. हा पदार्थ १९९७ साली टेक्सास विद्यापीठात शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या गटाने पुढे आणला. पुढे २०१९ मध्ये लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी त्यांना नोबेल मिळालं, वय ९७. यात ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट धरून असतो, तापलं तरी सहज सुटत नाही, म्हणून मोबाइल-लॅपटॉपमधल्या लिथियमपेक्षा ही खूप शांत. मे महिन्यात कयाकच्या बंद कप्प्यात हात घालून बघ, किती तापतं ते. पाठीला चिकटून बसणाऱ्या वस्तूबद्दल मला हे पहिलं महत्त्वाचं वाटतं.

तोच बल्ब एलएफपीवर लावला तर पहिल्या मिनिटाला जसा, तसाच सहाव्या तासाला. मीटर १३.१, १३.०, १२.९, तेवढ्यातच फिरतो. आणि मग एका क्षणी बल्ब पटकन विझतो, कारण आतलं बीएमएस नावाचं सर्किट सेल वाचवायला पुरवठा तोडतं. हे नीट लक्षात ठेव. लीड-ॲसिड थकत थकत जाते, तुला सांगून जाते. ही सांगत नाही. फाइंडरच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या व्होल्टवर विसंबू नकोस. मी डब्याच्या झाकणावर मार्करने लिहितो: शेवटचं चार्जिंग कधी, त्यानंतर किती तास चालली.

आता किती एएच. तुझ्या फाइंडरच्या वायरीत मल्टिमीटर सिरीजमध्ये, म्हणजे वीज त्यातूनच जाईल असा, घालून मोज. माझा अर्ध्या ब्राइटनेसला ०.६ अँपिअर घेतो, पूर्णला ०.८५. पूर्णचाच आकडा धर, दुपारी तोच लागणार. आपण भरती धरून निघतो, ओहोटी अर्धी व्हायच्या आत परत येतो, म्हणजे पाच तास. माझ्यासारखा अडकलास तर अजून चार-पाच. नऊ तासांचे साडेसातच्या थोडे वर एएच होतात, वर बॅटरीच्या वयासाठी थोडे सोड. दहा किंवा बारा एएच. सहाची घेऊन भागेल असं कुणी सांगेल, रोजच्या फेरीला भागेलही, पण मला ती पौर्णिमा आठवते. वीसची मात्र घेऊ नकोस, ते वजन उगाच वाहशील.

खरेदी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात करणार असशील तर मला बरोबर घे. मी पहिली बॅटरी एका दुकानातून घेतली, वर १२ एएच छापलेलं. बल्ब पावणेसात तासांत विझला. हिशोब केला तर सहासुद्धा पूर्ण भरत नव्हते. त्या दुकानदाराने बदलूनही दिली नाही, पैसे गेले. मग आमच्या खालच्या वाण्याच्या काट्यावर ठेवली, ६४० ग्रॅम भरली. हे आधी केलं असतं तर वाचलो असतो. या पॅकमध्ये बहुधा ३२७०० मापाचे गोल सेल असतात, एक सेल ६ एएचचा आणि वजन १४० ग्रॅमच्या आसपास. बारा एएचला अशा चार-चारच्या दोन ओळी, म्हणजे आठ सेल लागतात, नुसत्या सेलचंच सव्वाअकराशे ग्रॅमच्या घरात. आता माझ्याकडे आहे ती १३०० ग्रॅमची आहे आणि बल्ब साडेतेरा तास चालला. वजन खोटं बोलत नाही रे, लेबल बोलतं. दुकानात काटा माग. बीएमएस आहे का ते विचार, आणि चार्जर १४.६ व्होल्टचा, एलएफपीचाच घे. जुन्या लीड-ॲसिडच्या चार्जरवर लावू नकोस, त्यातले काही सल्फेट काढायला जास्त व्होल्टचे झटके देतात.

तुझा पुतण्या म्हणतो ती पॉवर बँक आणि पाच व्होल्टचे बारा करणारी केबल मी वापरून पाहिली. चालते. पण त्या केबलमुळे स्क्रीनवर उभ्या ठिपक्यांच्या रेघा येतात, त्यात मासा कुठला आणि गोंधळ कुठला समजत नाही. पुढे मोटर लावशील तेव्हाही तिची बॅटरी वेगळी ठेव, कारण तोच गोंधळ होतो. आणि साध्या लिथियम-आयनचा चार सेलचा पॅक कुणी दिला तर आधी फाइंडरची पुस्तिका उघड. तो पूर्ण भरल्यावर १६.८ व्होल्ट देतो, काही यंत्रांना ते सोसत नाही.

बॅटरीवर चार पैसे कमी खर्च झाले तरी चालतील, पण फ्यूजवर वाचवू नकोस. लाल वायरीत, बॅटरीपासून चार बोटांवर, पुस्तिकेत सांगितला असेल तेवढ्याचा. माझ्यात ३ अँपिअरचा आहे. लिथियमची वायर खाऱ्या पाण्यात शॉर्ट झाली तर फ्यूज उडण्यावर निभावलं पाहिजे. वायर कथिलाचा मुलामा असलेली घे. साध्या तांब्याच्या वायरीला आपल्या हवेत एका हंगामात हिरवं फुटतं, आणि ते बाहेरून दिसत नाही, प्लॅस्टिकच्या आत सरकत जातं. मी एकदा वायर सोलली तर बोटभर आतपर्यंत हिरवी भुकटी निघाली, तांबं हाताने चुरलं. जोडांवर सिलिकॉन ग्रीस लाव आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या फडक्याने पूस. डबा घट्ट झाकणाचा, खाली स्पंजचा तुकडा, आणि जागा सीटच्या मागे अगदी तळाला, मधोमध. नाकाडात ठेवलीस तर कयाक लाटेत तोंड खुपसते.

पावसाळ्यात, नारळी पौर्णिमा होईपर्यंत, आपण काही समुद्रात जात नाही. तेव्हा निम्मी भरून, वायरी काढून, कपाटात ठेव. पूर्ण भरून इतके महिने ठेवू नकोस.

येत्या शनिवारी एकादशी आहे. एकादशीची भरती सव्वाआठ ते साडेआठ. उधाण नाही, पाणी निवांत असेल. तू शुक्रवारी रात्रीच मुक्कामाला ये, फाइंडर आणि पुस्तिका घेऊन. माझ्या मीटरने मोजू, बल्ब आणि होल्डर माझ्याकडे आहेत. सकाळी साडेसहाला मार्वेला पाण्यात उतरू आणि दहाच्या आत बाहेर येऊ. आईने तुझ्यासाठी सुकटाची चटणी करून ठेवली आहे, रिकामा डबा आण. लाइफ जॅकेट विसरू नकोस, माझ्याकडे एकच आहे.

तुझा,
दिलीप