गुरुवारच्या चेकआधी

प्रिय सोन्या,

काल ‘चल झोपतो’ म्हणून फोन ठेवलास, पण आवाज झोपेचा नव्हता. मग ताईकडून कळलं की तिच्या उरलेल्या झोपेच्या गोळ्यांतल्या दोन तू मागून नेल्यास. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. गोळीबद्दल एकदाच लिहायचं ठरवलंय, ते हे झालं.

दर सहा महिन्यांनी सिमचा चेक, म्हणजे सिम्युलेटरमधली तुमची ती पायलटची परीक्षा, आली की आठवडाभर आधी तुझं जेवण कमी होतं. मागच्या वेळी एका इंजिनवरचा गो-अराउंड, ते उतरता उतरता परत वर जायचं, बिघडला, एक्झामिनरने परत करायला दिला, तो तू व्यवस्थित केलास आणि पास झालास. तुझ्या डोक्यात मात्र अजून तो बिघडलेलाच आहे.

मला तुझे ट्रेनिंगचे दिवस आठवतात. भिंतीवर कॉकपिटचा पोस्टर, समोर ती डुगडुगणारी खुर्ची, तू डोळे मिटून बसायचास आणि मी चिठ्ठीवरचं वाचायचे, ‘व्ही-वन, इंजिन फेल!’ म्हणजे टेकऑफ थांबवता येत नाही अशा वेगाला एक इंजिन बंद. विमान सरळ ठेवायला तू पाय असा दाबायचास की खुर्ची मागे सरकायची. ‘आई, जो पाय रिकामा त्या बाजूचं इंजिन गेलं.’ पहिल्या दिवशी घाईत हवेतल्या हवेत भलत्याच इंजिनाचा लिव्हर ओढलास आणि तासभर गप्प होतास, मग तूच ठरवलंस की आधी विमान सरळ धरायचं, मोठ्याने बोलायचं, दुसऱ्या पायलटने हो म्हटल्यावरच हात लावायचा. मला त्यातलं काही कळत नव्हतं तरी दोन महिन्यांत तुझे मेमरी आयटम, ती न बघता करायची कामं, मलाच पाठ झाले होते!

धडधडतं म्हणजे तयारी कमी असं नसतं रे, थोडी धडधड लागतेच. ब्रीफिंगला बसलास की श्वास घेतोस त्यापेक्षा सावकाश सोड, चार-पाच वेळा. एक आयटम चुकला तर तो तिथेच सोड, पुढचा अप्रोच, पुढचं उतरणं, त्याला ओळखत नाही. एक्झामिनर काय लिहितोय तिकडे बघू नकोस, मान खाली घातली म्हणजे चूकच लिहितोय असं थोडीच आहे. आणि गोळीने नुसती धडधड जात नाही, हातपाय पण सुस्त होतात, दुसऱ्या दिवशीसुद्धा अंमल राहतो, तुमच्यात तर एव्हिएशन मेडिकलच्या डॉक्टरांना न विचारता असलं काही घ्यायचंच नसतं, हे तूच मला सांगितलं होतंस ना? मग?

परत तिथेच आले. सॉरी. तुला शिकवायला मी कोण, रात्री पावसात दीडशे माणसं खाली उतरवतोस तू. मी शेजारणीला हे इतक्यांदा सांगितलंय की ती आता हसते. पण झोपच येत नसेल तर डॉक्टरांशी बोल ना, त्यात लपवण्यासारखं काय आहे? मामाने लपवलं तेव्हा काय झालं ते आपण बघितलंय. बाबांना मी काही बोलले नाहीये.

ताईवर चिडू नकोस, मीच खोदून विचारलं. सिममधून बाहेर आलास की आधी जेव, मग फोन कर.

आई

ता.क. घेतली असशील तर आत्ताच सांग. ओरडणार नाही.