रंगाआधी गॅप जुळवा

महोदय,

घोडबंदर रस्ता किंवा शीळफाट्याच्या कोंडीत गाडीला गाडी लागणे रोजचेच. बंपर दबतो, बॉनेटचा कोपरा उठतो आणि गाडी जुनी असली की मालक म्हणतो, 'रंग मारून द्या, बाकी चालेल.' मग लांबी (खड्डे बुजवणारी पुट्टी) भरून रंग होतो आणि फिटिंग शेवटी जमेल तशी. रंगवलेले पॅनल पान्याने इकडेतिकडे रेटले की कडेचा रंग उडतो. आपल्याकडचा पाऊस आणि खाडीची खारी हवा त्याच कडेला गंज धरवते. आधी कोरी फिटिंग करून, म्हणजे रंगाआधीच पॅनल बसवून, गॅप (दोन पॅनलमधली फट) जुळवावी, खुणा कराव्यात, पॅनल उतरवून आतल्या कडांसह रंगवावे आणि खुणेवर परत बसवावे.

जुळणी मागून पुढे करावी. मागचा क्वार्टर पॅनल (मागच्या चाकावरचा पत्रा) वेल्ड केलेला असतो, तो हलत नाही. त्याला धरून मागचा दरवाजा, मग पुढचा, मग फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा), बॉनेट, आणि हेडलाइट-बंपर सर्वांत शेवटी. पुढून सुरुवात केली की सगळी चूक दारापाशी येऊन साचते. गॅप साधारण ३ ते ५ मिमी असते. पण आकड्यापेक्षा डावी-उजवी सारखी आहे का, वरून खाली निमुळती होत नाही ना, हे आधी पाहावे.

बॉनेटला घाई चालत नाही. बिजागरीच्या बोल्टभोवती मार्करने रेघ मारून घ्यावी, फेंडरच्या कडांना मास्किंग टेप लावावी आणि बॉनेट हाताने जेमतेम सरकेल इतकेच बोल्ट सैल करावेत. मागची उंची बिजागरीवर बसते, पुढच्या कोपऱ्यांची रबरी बफर फिरवून. लॉक सैल ठेवून बॉनेट हळूच टेकवावे. हूक लॉकच्या मधोमध उतरला पाहिजे. तरीही एक कोपरा वरच राहिला, तर बॉनेट दाबून वाकवायचा (हा प्रकार सर्रास चालतो) मोह टाळावा. बहुतेक वेळा रेडिएटरवरची आडवी पट्टी मागे गेलेली असते. शॉकअपच्या वरच्या बोल्टपासून समोरच्या विरुद्ध कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. फरक ३ मिमीच्या वर गेला तर गाडी ओढून सरळ करावी लागते, बोल्टने ते काम होत नाही.

दरवाजा लोंबला की स्ट्रायकर (दाराचे लॉक ज्यात अडकते तो खांबावरचा हूक) खाली सरकवून तो 'लागता' करून देतात. तसे करण्याआधी कारण शोधावे. अर्धवट उघडे दार मागच्या कडेला धरून उचलावे. बिजागरीत खडखड आली तर पिन आणि बुश झिजले आहेत, ते बदलावेत. बिजागरी सैल करायची तर दाराखाली जॅक आणि लाकडी ठोकळा हवाच.

बंपर आणि फेंडरमधली फट मात्र बहुधा प्लॅस्टिकच्या तुटक्या साइड ब्रॅकेटमुळे पडते. तो सुटा मिळतो. तरी फेंडरला भोक पाडून स्क्रू मारणारे आहेतच, आणि पुढच्या पावसाळ्यात त्या भोकाभोवती फुगा येतो.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी फेंडर आणि बिजागरीच्या बोल्टवरचा रंग फुटला आहे का, हे बघावे. फुटलेला दिसला म्हणजे मोठा अपघातच, असे नाही. नुसते बॉनेट जुळवले तरी तो फुटतो. रंगाची जाडी मोजणाऱ्या पेंट मीटरवर कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन दाखवतो, ३००च्या पुढे आकडा गेला की खाली लांबी असण्याची दाट शक्यता. विक्रेता नो क्लेम बोनसचे (दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचे) आमिष दाखवत असेल तर तो बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही.

गॅरेजवाल्यांना एकच विनंती: अंदाजपत्रकात फिटिंगची मजुरी रंगापासून वेगळी लिहा आणि कोऱ्या फिटिंगचे, चारही बाजूंच्या गॅप दिसतील असे फोटो प्रायमर मारण्याआधी ग्राहकाला पाठवा.

– एक डेंटर, तुर्भे, नवी मुंबई