मंडपातला मेटल डिटेक्टर चालवायला शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव आला की लालबाग-परळपासून गिरगावपर्यंत मंडपांच्या तोंडाशी मेटल डिटेक्टरची दारे उभी राहतात. दार वाजत राहते, रांग पुढे सरकत राहते आणि कोणी मान वर करून पाहत नाही. यात कार्यकर्त्यांचा दोष कमी आहे. भाड्याने देणारा दार जोडतो, वीज देतो आणि निघून जातो. माहितीपुस्तिका खोक्यातच राहते. उत्सवाआधी दोन संध्याकाळी या कामाला दिल्या, एक वाचनाला आणि एक सरावाला, तर त्याच यंत्राचा खरा उपयोग होईल.

वाचनाच्या दिवशी पुस्तिकेतले संवेदनशीलता, झोन (दाराचे उंचीनुसार पाडलेले भाग) आणि शेजारच्या दारापासूनचे अंतर हे भाग तरी सगळ्यांनी मिळून वाचावेत. दाराच्या एका खांबातली कॉइल चुंबकीय स्पंद सोडते, दुसऱ्या खांबातली ते टिपते. म्हणूनच दोन दारे खेटून एकाच चॅनलवर, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर, लावली की ती एकमेकांना वाजवतात. जनरेटर, डिमर आणि एलईडी पडदा जवळ असला तरी माणूस नसताना दार वाजते. जागच्या जागी असलेल्या लोखंडापेक्षा हलणारे लोखंड जास्त घात करते: गर्दीच्या धक्क्याने खडखडणारे बॅरिकेड, अर्धवट ओढलेले शटर. आमच्या मंडपांत तर बहुतेक वेळा दोष पायाखाली असतो. दार प्लायच्या फळीवर उभे केलेले असते, माणूस चढला की फळी लचकते, खांब डुलतात आणि दिवा लागतो. दार पक्क्या जमिनीवर घट्ट बांधा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

संवेदनशीलता अंदाजाने ठरवू नये. खूप वाढवली तर किल्ली, चिल्लर, ब्राचा हूक, सगळ्यांवर दार वाजते आणि तासाभरात कार्यकर्त्याचे कान त्या आवाजाला सरावतात. म्हणून पुरवठादाराकडून चाचणीचा तुकडा, म्हणजे दार वाजायलाच हवे असा धातूचा नमुना, मागून घ्यावा. चुंबकाला न चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा इशारा कमजोर येतो, म्हणून तसाही एक तुकडा हवा. चाचणी देणाऱ्याने पट्टा, घड्याळ, मोबाइल काढून ठेवावा. तुकडा घोट्याजवळ, कमरेला, काखेत आणि डोक्याच्या उंचीवर, आडवा आणि उभा धरून दरवेळी दहादा चालावे. दहाही वेळा दिवा लागेपर्यंत संवेदनशीलता एकेक पायरी वाढवावी, त्यापुढे नाही. दर पाळीच्या सुरुवातीला हीच चाचणी थोडक्यात करून वहीत नोंद ठेवावी. एका वेळी एकच माणूस, नेहमीच्या चालीने. बॅग दारातून न नेता बाजूच्या टेबलावर उघडून पाहावी.

हातातला डिटेक्टर मात्र सरावानेच येतो. बरीच यंत्रे चालू होताना आजूबाजूच्या धातूला शून्य धरतात, म्हणून ती बॅरिकेडपासून दूर, हवेत धरून चालू करावीत. अंगापासून तीन ते पाच सेंटिमीटरवर, अंगाला न लावता, सावकाश फिरवावे: समोरून खांद्यापासून पावलापर्यंत, पसरलेल्या हातांखालून, पायांच्या आतून, मग पाठ. पट्ट्याच्या बकलवर वाजले की "बकल असेल" म्हणून सोडू नये. बकल बाजूला करायला सांगून तिथे पुन्हा फिरवावे. पावलांजवळ सतत वाजत असेल तर ते काँक्रीटमधल्या सळ्यांमुळे असते. भाविकाला लाकडी पाटावर पाय ठेवायला सांगावे. ढोल-ताशा सुरू असताना बीप ऐकूच येत नाही, तेव्हा यंत्र व्हायब्रेशनवर ठेवावे. नऊ व्होल्टची बॅटरी उतरली की यंत्र हळूहळू बहिरे होते, पण दिवा चालू राहतो. म्हणून सुटी बॅटरी खिशात असावीच. महिलांची तपासणी महिला कार्यकर्त्यांनीच करावी. पेसमेकर असलेल्याच्या छातीवर यंत्र धरू नये, त्याला हाताने तपासून पुढे सोडावे. दारातून जायला त्याला हरकत नाही, पण तिथे थांबवून ठेवू नये.

हा महिना पावसाचा. दाराच्या वायरचे सांधे जमिनीवर पडू देऊ नयेत, ते झाकून उंचावर बांधावेत आणि दाराला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्यावे. आणखी एक गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक हवी: हे यंत्र फक्त धातू सांगते, स्फोटके नाही. दार वाजले नाही म्हणून बेवारस पिशवीकडे दुर्लक्ष करता येत नाही. ती न हलवता लोकांना दूर करून 112 वर कळवावे.

उत्सवाआधी पोलीस ठाण्यांत मंडळांच्या बैठका होतातच. त्यांत अर्धा तास प्रत्यक्ष यंत्रावर सराव ठेवावा आणि भाड्याने देणाऱ्यांनी यंत्रासोबत मराठी पुस्तिका व चाचणीचा तुकडा देणे सक्तीचे करावे, ही विनंती.

आपला,
सुरक्षा उपकरणांच्या क्षेत्रातील एक वाचक,
परळ, मुंबई