बॅटरी घेऊ नकोस

हर्णै

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

काल तू बोलत असतानाच रेंज गेली ती अजून आलेली नाही. पाऊस असा कोसळतोय की समोरचा सुवर्णदुर्ग दोन दिवस दिसलेला नाही. शेजारचा काका उद्या पहाटेच्या गाडीने रत्नागिरीला निघालाय. त्याच्याकडे ही चिठ्ठी, सोड्यांची (सुक्या कोलंबीची) पुडी आणि माझा व्होल्ट मोजायचा मीटर देतोय. चिठ्ठी वाचून होईपर्यंत नवी बॅटरी घेऊ नकोस.

शनिवारपर्यंत स्कूटर चालत होती म्हणालीस. रविवारी व्हिडिओ बघून बॅटरी काढून टर्मिनल घासलीस, स्पार्क प्लग बदललास, एअर फिल्टर धुतलास, आणि सोमवारी बटण दाबलं तर नुसतं कट-कट. गॅरेजवाल्याने गाडी न उघडताच बॅटरी गेली म्हणून सांगितलं. बॅटरी रातोरात जाते कधीकधी, नाही असं नाही. पण त्याआधी आपला पाना कुठे कुठे फिरला ते बघायचं.

हे मी कसं शिकलो ते तुला कधी सांगितलं नाही, लाज वाटते म्हणून. तू व्हायच्या आधीची गोष्ट. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी होडीचा डिझेल फिल्टर स्वतः बदलला. दुसऱ्या दिवशी नारळ वाहून झाला, सगळ्या होड्या सुटल्या आणि आमचं इंजिन नुसतं गरगरतंय. मी इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलला शिव्या दिल्या, पंपाला दिल्या, स्टार्टर मारून मारून बॅटरी झोपवली. मग होडीचा म्होरक्या, तांडेल आला. त्याने इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही. "शेवटचा हात कुठे लावलास?" एवढंच विचारलं. फिल्टर बदलताना लाइनीत हवा शिरली होती. हवा दबते, डिझेल दबत नाही, त्यामुळे पंपाचा सगळा जोर बुडबुडे दाबण्यातच जात होता आणि नोझल उघडतच नव्हतं. त्याने फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला, हातपंप मारला. आधी फेस आला, मग नितळ डिझेल. स्क्रू आवळला, दुसरी बॅटरी जोडली, इंजिन धडधडलं. मी मात्र त्या दिवशी कोणाशी बोललो नाही.

आता तुझी गाडी. साइड स्टँड वर आहे ना, ब्रेक दाबून बटण मारतेस ना, हे विचारतो म्हणून रागावू नकोस. नव्या गाड्या एवढ्यावरूनही अडून बसतात.

मग बॅटरी. हॉर्न वाजतो आणि दिवा लागतो म्हणजे जोड चांगला, असं नसतं. दिव्या-हॉर्नाला थोडाच करंट लागतो, तो ढिल्या जोडातूनही जातो. स्टार्टरला त्याच्या कितीतरी पट लागतो, तिथे जोड उघडा पडतो. तू सांगितलंस, बटण दाबलं की दिवा मरतो आणि सोडलं की पुन्हा उजळतो. मला तिथेच संशय आला. बॅटरीच्या पोस्टच्या, म्हणजे वायर जोडतो त्या टोकाच्या, खाचेत एक चौकोनी नट असतो बघ. बॅटरी काढली की तो खाली घसरतो. वरून स्क्रू फिरवतेस, तो जेमतेम दोन आटे धरतो आणि आपल्याला वाटतं घट्ट झालं. नटाखाली रबराचा तुकडा सरकवायचा म्हणजे तो वर राहतो. तुझ्या आईच्या जुन्या स्लिपरचा तुकडा पुडीत घातलाय. चावी बंद ठेव. काढताना आधी काळी वायर, लावताना आधी लाल आणि काळी शेवटी. उलट केलंस आणि लाल सोडवताना पाना चेसिसला टेकला तर ठिणगी उडेल.

पण हे करायच्या आधी, जोड आहे तसा असतानाच मीटर लाव, म्हणजे माझं म्हणणं खरं की गॅरेजवाल्याचं ते तुझं तुलाच कळेल. डीसी व्होल्टच्या २० वर ठेव. गाडी तासभर उभी असताना बॅटरीवर १२.६ च्या आसपास आलं तर ती भरलेली आहे, १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करून आण. मग मीटरची लाल पिन बॅटरीच्या लाल पोस्टच्या शिशावर टेकव, स्क्रूवर नाही, आणि काळी पिन लाल वायरीच्या कड्यावर. आता चावी चालू करून बटण दाब. जोड चांगला असेल तर आकडा शून्याजवळच राहतो. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर चोर तिथेच. हेच काळ्या बाजूलाही कर. जोड नीट असूनही बटण दाबल्यावर बॅटरी ९-१० च्या खाली कोसळली, तर गॅरेजवाला बरोबर, मी चूक.

एवढं करून मोटर जोरात फिरली आणि तरी गाडी धरली नाही, तर मग प्लग आणि फिल्टर. प्लगची टोपी दाबल्यावर 'टक' झालं पाहिजे. नुसती टेकलेली टोपी फसवते. फिल्टरचं मात्र तुझं चुकलंच. तुझ्या गाडीचा कागदी फिल्टर तेल लावलेला असतो, तो धुवायचा नाही, फुंकायचाही नाही, खराब झाला की बदलायचा. धुतलेला कागद फुगतो आणि या हवेत तो आठवडाभर वाळायचा नाही. व्हिडिओवाल्याचं अंगण कोरडं असेल, आपलं नाही. नवा आण, त्याचे पैसे मी देतो.

ढकलून चालू करायच्या फंदात पडू नकोस. गिअरच्या बाईकला ते जमतं, स्कूटरचा क्लच इंजिन फिरल्याशिवाय धरतच नाही. तू नुसतीच धापा टाकशील. बटणही पाच सेकंदांच्या वर दाबून धरू नकोस, मध्ये विसावा दे.

जोड आवळून झाल्यावर वरून थोडं व्हॅसलीन लाव. खाऱ्या वाऱ्याने टर्मिनलवर हिरवी पूड धरते ती त्याने थांबते.

तुझी आई म्हणते, कशाला उघडलीस, तीनशे रुपयांत झालं असतं. तिला मी काही बोललो नाही. पण तू उघडलीस ते मला आवडलं.

मीटर गणपतीला येताना आठवणीने आण. त्याची काळी वायर मुळाशी तुटायला आलीय, बोटाने दाबून धरलीस तरच आकडा स्थिर राहतो.

तुझा,
बाबा