नुसतं अंतर छापून काय उपयोग?

संपादक साहेब, नमस्कार,

रविवारच्या पुरवणीत उत्तर कॅनडावरचा लेख आवडला, पण तिथल्या यलोनाइफ शहरापासून इनुविक गावापर्यंतचं अंतर सरळ रेषेत देऊन मोकळे झालात, त्याने वाचकाचा पार गोंधळ होतो हो. हवाई अंतर साधारण ११०० किमी, म्हणजे आपलं मुंबई-दिल्लीच धरा ना, थेट जेट मिळालं तर दोनेक तास, पण बरेचदा विमान मध्ये नॉर्मन वेल्स या छोट्या गावी उतरतं, माणसं उतरतात, सामान निघतं, की गेला तिथे वेळ.

आणि गाडीने जाऊ म्हणाल तर सरळ रस्ताच नाहीये! ब्रिटिश कोलंबिया, युकॉन या शेजारच्या प्रदेशांतून वळसा घालून ३००० किमीच्या वर जातं, त्यातला शेवटचा डेम्प्स्टर हायवे ७०० किमीहून जास्त आणि जवळजवळ सगळा खडीचा. या हायवेवर पील आणि मॅकेन्झी नद्या ओलांडायला पूल नाहीत, उन्हाळ्यात फेरीबोट, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून गाड्या, आणि मधल्या दिवसात बर्फ धड पक्कं नाही धड वितळलेलं नाही तेव्हा रस्ता ठप्प, मग ताजी भाजीसुद्धा विमानाने, भाव विचारूच नका. इनुविकच्या पुढे समुद्रकाठच्या टुक्टोयाक्टुक गावाला तर २०१७ पर्यंत बारमाही रस्ताच नव्हता.

तेव्हा पुढच्या वेळी किलोमीटरच्या शेजारी विमानाचा वेळ आणि थांबेपण छापा, प्लीज.

– एक नियमित वाचक, पुणे